पार्सल आणि खाकी वर्दी

अपुऱ्या पत्त्याचं पाकीट हातात आलं की आमचे पोस्टमनकाका ते नाकाजवळ नेत, उलटंपालटं करत आणि खिशात टाकून म्हणत, "पत्ता सापडते गा. घाई नाही करा लागत."

ही सत्तरच्या सुमाराची गोष्ट. महाल भागातल्या पोस्टात मी सॉर्टिंगला बसत असे. 'लंगड्या मामाची भाची, महाल' एवढ्याच पत्त्यावर काकांनी लग्नपत्रिका पोचवलेली मी पाहिली आहे. वर्दीचा त्यांना भारी अभिमान. घरी जेवायलासुद्धा खाकीतच बसत. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

नोकरीत त्यांना चार वेळा कुत्रं चावलं होतं. त्यामुळे आषाढात ते एका लाकडाच्या वखारीतून कुत्रं गोणीत घालून घेऊन आले तेव्हा पोस्टात हशा पिकला. वखारीचा चौकीदार त्याला रोज काठीनं झोडपत असे. काकांना ते बघवलं नाही.

"पार्सल हाय," काका म्हणाले. पुढं त्याचं नावही तेच पडलं.

पार्सल घरी खाटेखाली शिरलं, ते बाहेर येईना. काकूंच्या हातून पोळी खायचं, पण काका दारात आले की थरथरायचं, मुतायचं आणि असं विव्हळायचं की गल्ली गोळा व्हायची. घरमालकानं बजावलं, "पोळ्यापर्यंत गप झालं तं ठेवा. नाही तं सोडून या."

काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी हे मनाला फार लावून घेतलं. "माह्यात काय वाईट दिसून राहिलं बावा त्याले?" त्यांनी मला विचारलं. मग त्यांनी काय करावं? नीटनेटकं दिसलो तर ओळख धरेल म्हणून वर्दीला रोज कडक इस्त्री, आणि पितळी बिल्ला चिंचेनं घासून लखलखीत! पार्सल आणखीच भिंतीला चिकटलं.

शेवटी काकूंनीच गाठ सोडवली. "अजी, रविवारी तुमी बनियनवर असता तं ते बाहेर येते. सोमवारी पुन्हा खाटेखाली. तुमाले नाही, ते खाकीले भेते. त्या चौकीदाराची बी खाकीच होती ना?"

मी म्हटलं, "काका, मग पोस्टातच कपडे बदलून घरी जा."

"लपूनछपून कायची दोस्ती? मी खाकीतलाच हावो. त्याले असाच ओळखू आलो पाह्यजे."

मग सुरू झालं ते काकांचं खरं काम. आठवडाभर पोळीच्या ताटलीशेजारी नुसती टोपी. पुढं वर्दीचा एक जुना शर्ट खाटेखाली सरकवला. पार्सलनं तो नाकानं बाहेर ढकलला. काकांनी पुन्हा आत सरकवला. हे किती दिवस चाललं कोण जाणे! श्रावणात एकदा काकू धावत पोस्टात आल्या. पार्सल शर्टावर झोपलं होतं. त्या दिवशी काकांनी सगळ्यांना चहा पाजला. तेव्हापासून रोज संध्याकाळी काका तोच शर्ट अंगात घालून, खाटेकडे पाठ करून बसायचे आणि मोठ्यानं पेपर वाचायचे.

पोळ्याच्या दिवशी काका मुद्दाम टोपीपासून बुटापर्यंत पूर्ण वर्दीत अंगणात बसले. घरमालक ओट्यावर होता. मीही गेलो होतो.

"ये गा, पार्सल. घाई नाही."

बऱ्याच वेळानं दारात नाक दिसलं. पोट जमिनीला घासत पार्सल आलं, पँट हुंगली, शर्टाची बाही हुंगली आणि काकांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलं. विव्हळणं नाही की थरथर नाही. काकांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. नुसते रडत बसले. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

घरमालक खाकरला. "राहू द्या बावा आता."

त्या घरी बैल नव्हता. बैलाला भरवायची पुरणपोळी काकूंनी पार्सलला भरवली.

आता काका नाहीत, पार्सलही नाही. काकांच्या निवृत्तीच्या दिवशीचा फोटो माझ्याकडे आहे. अकरा पोस्टमन नखशिखांत खाकीत ताठ उभे आहेत. मधोमध, काकांच्या बुटावर डोकं ठेवून, पार्सल गाढ झोपलं आहे.