मुरमावरचा सत्कार

अमरावतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा एका मोठ्या शहरातल्या हॉकी संघाने मला बोलावलं. पगारी करार, राहणं-खाणं त्यांचं. आमचे सर म्हणाले, पदवी होऊ दे, मग जा. काका म्हणाले, आत्ताच नीघ. मी मात्र हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. निवड चाचणीत टर्फच्या गुळगुळीत कृत्रिम गवतावर चेंडू माझ्या स्टिकखालून सुळकन निघून जात होता. आमच्या मुरमाच्या मैदानावर तो उड्या मारत येतो, हाताला सवय त्याची. आता गेले तर राखीव म्हणून बाकावर बसणार, थांबले तर मुरमावरच राहणार. माझा पेच एवढाच होता आणि तो कुणी विचारतच नव्हतं.

सुट्टीत घरी अकोल्याला आले, तर चौकात माझा फ्लेक्स! निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन. नेत्याचा फोटो सगळ्यांत मोठा, त्याखाली काका, कोपऱ्यात मी, पासपोर्टच्या फोटोएवढी. आणि हॉकी म्हणून मागे बर्फावर घसरणारे हेल्मेटवाले गोरे खेळाडू. अकोल्यात, भर मे महिन्यात! माझं डोकंच फिरलं.

"काका, मी हो कधी म्हटलं?"

"आता नाई म्हनशीन तं माही काय इज्जत राहीन? संध्याकाळी सत्कार ठेवला हाये."

सत्काराला अमरावतीहून सरही आले. शाल झाली, नारळ झाला. सर माइकवर म्हणाले, आमची खेळाडू पदवी घेऊनच जाणार. नेते म्हणाले, उद्याच जाणार, आणि पुढच्या वर्षी इथे टर्फ आणतो. मी शाळेत होते तेव्हापासून प्रत्येक सत्कारात हे टर्फ येतंच आहे. टाळ्या पडल्या. मला इतकी चीड आली की नारळ त्यांच्याच हातात परत द्यावासा वाटला.

भाजी विकून तशीच आलेली आई शेजारी टेकली. "तुले काय वाटते वं?"

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. डोळे भरून आले. "बाकावर बसा लागन, आई. पन टर्फ तं तिथंच हाये."

मग मी उठून माइक घेतला. जाते म्हणाले, पण फ्लेक्स लागला म्हणून नाही. इथे टर्फ अंथराल त्या दिवशी बोलवा, खऱ्या सत्काराला येईन. काकांनी मान खाली घातली, नेते हसले.

बाकावरून मैदानात उतरायला मला अख्खा हंगाम लागला. अजूनही सुट्टीत घरी येते. माझ्यामागच्या पोरी त्याच मुरमावर गुडघे फोडून घेतात. सत्काराचं बोलावणं काही आलेलं नाही.