चार वाजताचा ढोल

मालनबाईंशी माझी ओळख भांडणातून झाली. मी जन्म काढला कसबा पेठेत, तेव्हा मला आवाजाची सवय नाही असं कुणी म्हणू नये. पण मुलानं हौसेनं खराडीत फ्लॅट घेतला, "आई, तिथे शांतता आहे" असं सांगून मला आणलं, आणि आठवड्याच्या आत दुपारी चारच्या ठोक्याला आमच्या डोक्यावर धपधप सुरू झाली. तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी चहा तसाच टाकून वर गेले.

दार उघडंच होतं. साठीची एक बाई पदर खोचून टीव्हीसमोर उभी. दोन्ही हातांत वीतभर लांबीचे कंट्रोलर, आणि त्यांनी ती हवेतच ढोल बडवत होती. शेजारी तशीच तिची सून, अपेक्षा. पडद्यावर लाल-निळे गोळे धावत येत होते. लाल आला की हात खाली मारायचा, निळा आला की बाजूला. गाणं दोघींचं मिळून. एकीनं फार गोळे सोडले की ते अर्ध्यावरच बंद पडायचं. बाई हाताबरोबर पायही आपटत होती.

"पायाचे वेगळे मार्क मिळतात का हो?" मी दारातूनच विचारलं.

"नाही वो ताई," मालनबाई न थांबता म्हणाल्या, "पण पाय थांबला का हातही थांबते."

यावर काय भांडणार? मी आत जाऊन बसले. नंतर रोजच जाऊ लागले.

मालनबाई अमरावतीकडच्या. नवरा गेल्यावर एकुलत्या एक मुलानं, विश्वजीतनं, त्यांना इकडे आणलं. आल्या आल्या त्यांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी व्यायाम दिला, तो त्या करीनात. अपेक्षा घरूनच कंपनीचं काम करायची. तिनं आपला हा खेळ बाहेर काढला आणि म्हणाली, "आई, व्यायाम राहू दे, आपण ढोल वाजवू." तेव्हापासून दुपारच्या चहाच्या सुट्टीत ढोल.

हात वर जात नव्हता तोवर रोज सकाळी अपेक्षाच त्यांची वेणी घालायची. सहा महिन्यांत खांदा मोकळा झाला, तरी मालनबाई कंगवा घेऊन तिच्यापुढे बसायच्या.

"आई, काल तर तुमचा हात पंख्याला लागत होता."

"खेळात जाते तो. केसाले नाही जात."

अपेक्षा हसायची आणि वेणी घालायची. मी सख्ख्या मायलेकींचं एवढं गूळपीठ पाहिलेलं नाही, आणि मी पुष्कळ घरं पाहिली आहेत.

मग विश्वजीत आणि अपेक्षाचं बिनसलं. कोण चुकलं, मला ठाऊक नाही. वरून भांडणाचा आवाज कधी आला नाही. दोघं बोलतच नव्हती, हे फार उशिरा कळलं. घटस्फोट संमतीनं झाला. दोघांच्या सह्या झाल्या. मालनबाईंना कुणी विचारलं नाही. सासूला विचारायची कुठे पद्धत आहे? नातेवाईक फोन करून मुलाचं वाईट झालं म्हणून हळहळायचे. सुनेसाठी सासू रडते, हे कुणाच्या मनातही येत नसे. रडायला त्या खाली माझ्याकडे यायच्या.

"मले लेक नव्हती, ताई," एकदा म्हणाल्या. "इतक्या उशिरा झाली, अन् आता लोक म्हणतात ते तुही कोणीच नाही."

एका शनिवारी अपेक्षा सामान न्यायला आली. विश्वजीत मुद्दाम बाहेर गेला होता. एकटीनं निभणार नाही म्हणून मालनबाईंनी मला बोलावून घेतलं. खोकी खाली टेम्पोत गेली. खेळ मात्र अपेक्षानं टीव्हीपाशीच ठेवला. "हा राहू दे आई, खांद्यासाठी."

"मंग एकडाव खेळ माह्यासंग."

त्या गाण्यात मालनबाई कधी चुकत नसत. त्या दिवशी चुकल्या. गाणं मध्येच बंद पडलं. "परत लाव," म्हणाल्या. पुन्हा चुकल्या. तिसऱ्या वेळी मी नीट पाहिलं. गाणं संपत आलं की लाल गोळे समोर यायचे आणि त्यांचा हात वरच राहायचा. बाई मुद्दाम चुकत होत्या. गाणं पुरं झालं की ती जाणार होती, म्हणून त्या ते पुरं होऊ देत नव्हत्या.

टेम्पोवाल्याचे दोन फोन येऊन गेले. अपेक्षा दर वेळी मुकाट्यानं गाणं परत लावत होती. पाचव्या वेळी तिला हुंदका आला. "आई, आता नीट वाजवा ना. जायला हवं मला."

मालनबाईंनी पदरानं डोळे कोरडे केले आणि वाजवलं. एकही गोळा सुटला नाही. पडद्यावर तारे उडाले, टाळ्या वाजल्या. कुणीतरी तो आवाज बंद करावा असं मला वाटत होतं, पण टीव्हीचा रिमोट कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.

अपेक्षा वाकून पाया पडली. दारापाशी जाऊन वळली. "आई, मी येत जाऊ का अधूनमधून?"

मला वाटलं, बाई आता तिला कवटाळतील. मालनबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

"नको येऊ, पोरी. आज कसंबसं नीट वाजवलं. दुसऱ्यांदा नाही होणार माह्याच्यानं."