कडुनिंबाभोवतीचं देऊळ

परवा पालमच्या एसटीत कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा वास आला, आणि मी लहानपणीच्या ईस्टरला जाऊन पोचले. आमच्या गावच्या मेथडिस्ट देवळाच्या पत्र्यातून एक कडुनिंब थेट आभाळात गेला होता. त्या ईस्टरला भक्ती सुरू होण्याआधी नवे पाळक म्हणाले, “पाऊस आत येतो. झाड तोडून पत्रे नीट करू.”

माझी आत्या बुंध्याला हात लावून उभी राहिली. “पयली भक्ती ह्याच्याच सावलीत झाली, पाळकसाहेब. भिंती लय मागून आल्या. पावसात आमी भिजू.”

पाळकांनी वर पाहिलं. झुळूक आली, आणि पांढरी फुलं त्यांच्या उघड्या बायबलवर, आत्याच्या पदरावर, माझ्या केसांत पडत राहिली.

तेव्हा मला पत्र्यातलं ते भोक गरिबीचं वाटायचं. आता शहरातल्या मोठ्या देवळात प्रार्थनेला मान वर करते, तर नुसतं छत दिसतं.