बरणीभर खोटे दाणे

भिंगमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि भिंग तेवढं कायम गळ्यात असायचं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो गेला, त्याचं दुकान गेलं, मागे राहिली थोडी हत्यारं आणि डोळ्याला लावायचं काळं भिंग. मावशीने त्यात दोरी ओवली आणि जगाची तपासणी सुरू केली. दुधाचं भांडं आलं की भिंग, नोट हातात पडली की भिंग. एकदा डॉक्टरने दिलेली गोळी तिने त्याच्यासमोरच भिंगाखाली धरली, तेव्हा तो बिचारा इतका गडबडला की स्वतःचीच चिठ्ठी पुन्हा वाचू लागला.

तिच्या लेखी सगळं जग चोर होतं. गल्लीत दोघी बायका बोलत उभ्या दिसल्या, तर त्या आपल्याचबद्दल बोलत असणार. आपण जवळ गेल्यावर त्या गप्प झाल्या, तर मग खात्रीच. या सगळ्यातून सुटलेला माणूस एकच, तो म्हणजे तिचा भाचा. बहिणीच्या माघारी तिने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. कारखान्याच्या फाटकासमोर त्याने खानावळ काढली, तेव्हा नवऱ्याची जपून ठेवलेली हत्यारं विकून तिने त्याला मोठाली पातेली घेऊन दिली. त्याच्याकडे तिने भिंगातून कधी पाहिलं नाही. लहानपणी त्याच्या पायातला काटा काढताना पाहिलं असेल, तेवढंच.

रोज सकाळी खानावळीच्या मागच्या खोलीत बसून मावशी तांदूळ निवडायची. मांडीवर सूप, डोळ्याला भिंग, आणि तोंडाने अखंड कुणाचा ना कुणाचा उद्धार. खडे एका वाटीत, कोंडा दुसऱ्या वाटीत, आणि गेल्या काही महिन्यांपासून तिसरी एक काचेची बरणीही शेजारी असायची. त्या बरणीची गोष्ट अशी.

आधी ते दाणे तिला स्वतःच्या रेशनच्या तांदळात दिसले. जरा जाड, पिवळसर, सगळे एका मापाचे, पाण्यात टाकले की वर येणारे. तिने एक दाणा दाताखाली धरून पाहिला, आगीवर धरून पाहिला आणि निकाल दिला, "प्लास्टिक! रेशन दुकानदार मेला आपल्याला प्लास्टिक खाऊ घालतो." गल्लीतल्या बायकांनाही तसंच वाटत होतं. त्या दाणे वेचून केरात टाकायच्या. मावशी कसली टाकते! पुरावा म्हणून तिने ते बरणीत साठवायला सुरुवात केली.

मग तसेच दाणे खानावळीच्या तांदळातही सापडू लागले.

"हा तांदूळ कुठला रे?" तिने विचारलं होतं.

"बाजारातला, मावशी. ठोक व्यापाऱ्याकडचा," भाचा कांदा चिरता चिरता म्हणाला.

"म्हणजे तोही त्यांना सामील! सगळे मेले एका माळेचे मणी."

भाच्याने कांद्यावरून नजर वर केली नाही. काही दिवसांनी तो आपण होऊन म्हणाला, "ते दाणे टाकून दे ना. कशाला साठवतेस? उगाच कुणाच्या नादी लागू नकोस." मावशीला त्याची दया आली. पोरगं पहिल्यापासूनच भित्रं, कुणाशी वाकडं घ्यायला नको म्हणणारं. तिने बरणी पदराखाली घेतली आणि त्या दिवसापासून ती घरी ठेवू लागली.

आणखी एका गोष्टीवर तिचा डोळा होता. शिंपिणीची आणि गवंड्याच्या बायकोची खानावळीच्या मागच्या दाराशी ये-जा वाढली होती. जाताना हातात रिकामी पिशवी आणि मावशी दिसली की चेहरा चोरासारखा. मावशीच्या मनात पाल चुकचुकली. शिंपिणीला लग्नाची बहीण होती आणि भाचा अजून बिनलग्नाचा. तेव्हा त्या बाईचा डाव काय असणार हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती. मावशीने शिंपिणीशी बोलणंच टाकलं. येताना ती पिशवी भरलेली असते का, हे पाहायचं मात्र तिला सुचलं नाही.

बरणी गळ्यापर्यंत भरली, तशी एके दिवशी भाच्याला न सांगता मावशी पुरवठा कार्यालयात गेली. तिथल्या निरीक्षक मॅडम वयाने तिला मुलीसारख्या, पण नजर मावशीच्याच जातकुळीची. समोरच्या प्रत्येक कागदाकडे त्या असं पाहत होत्या, जणू त्याने आत्ताच काहीतरी खिशात घातलंय. मावशीला त्या बघताक्षणी आवडल्या.

तिने बरणी टेबलावर ठेवली. "हे बघा, मॅडम. रेशन दुकानदाराचे धंदे. प्लास्टिकचे तांदूळ."

मॅडमनी झाकण उघडून चार दाणे हातावर घेतले. "हे सगळे तुम्ही वेचलेत?"

"मग काय! एकही दाणा सुटत नाही माझ्या हातून. माझ्या भाच्याची खानावळ आहे ना, कारखान्याच्या फाटकासमोर? तिथला सगळा तांदूळ मीच निवडते."

"मावशी, हे प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात जीवनसत्त्वं घालून बनवलेले दाणे आहेत हे. सरकार मुद्दाम घालतं, अंगात रक्त वाढावं म्हणून. शंभर दाण्यांत एखादा." मॅडम बरणी फिरवून फिरवून पाहत होत्या. "आपल्याकडे ते फक्त रेशनच्या तांदळात असतात. बाजारातल्या नाही."

मावशी हसली. म्हणजे हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"तुमच्या कार्डावर माणसं किती?"

"मी एकटीच."

"एका माणसाच्या रेशनमधून हे दाणे महिन्याला मूठभर निघाले तर नशीब. ही बरणी भरायला पोत्यांनी तांदूळ लागला असणार." मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण आता त्यात मावशी वगैरे काही उरलं नव्हतं. "रेशनचं धान्य विकणं गुन्हा आहे. ते विकत घेणं गुन्हा, साठवून ठेवणंही गुन्हा. तुरुंगवास होतो. खानावळीत हा तांदूळ येतो कुठून?"

मावशीला शिंपिणीच्या हातातली पिशवी आठवली. भरलेली पिशवी येते आणि रिकामी जाते, एवढा सरळ मामला! आणि आपण त्या शिंपिणीच्या बहिणीचं लग्न जुळवत बसलो. कोठडीत बसलेला भाचा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि जन्मात पहिल्यांदा तिने सरकारी माणसासमोर धडधडीत खोटं सांगितलं.

"मी आणते," ती म्हणाली. "शेजारपाजाऱ्यांकडून घेते आणि त्याला देते. त्याला यातलं काही माहीत नाही. काय करायचं ते माझं करा."

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता हे उघड होतं. दोन शिपाई आणि मावशी यांना जीपमध्ये घालून त्या थेट खानावळीवर आल्या. बरणी मावशीच्याच मांडीवर होती.

जेवणाची गर्दी ओसरली होती. मागच्या खोलीत पोती होती, त्यांत मॅडमनी हात घातला आणि ते पिवळसर दाणे आपसूक तळहातावर आले. भाच्याने मावशीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. मावशीने त्याला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा.

"तुमच्या मावशी म्हणतात, हा रेशनचा तांदूळ त्याच तुम्हाला आणून देतात," मॅडम म्हणाल्या. "बरोबर?"

मावशी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तो 'नाही' म्हणेल, असं तिला वाटलं. म्हणू नये असंही वाटलं. तो नुसता गप्प बसला असता तरी ती हसत कोठडीत गेली असती, आणि तिथल्या भातातले खडे वेचत सुखाने राहिली असती.

भाचा पोत्यांकडे वळला. "हो," तो म्हणाला. "मावशीच आणून देते. मला म्हणायची, बाजारातला आहे. ठोक व्यापाऱ्याकडचा."

शब्द न् शब्द तोच. आणि या वेळी तर हातात चिरायला कांदाही नव्हता, तरी तो मावशीकडे बघत नव्हता.

मावशीला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि तोही पहिल्यांदा स्वतःचाच. महिनोन्महिने हे दाणे दोन्हीकडे एकसारखे निघत होते. तिने रेशन दुकानदारावर, दूधवाल्यावर, शिंपिणीवर, अख्ख्या बाजारावर संशय घेतला, कारण जग चोर म्हटलं की घरात बघावं लागत नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मघाशी मी सांगितलं ते खोडा."

"मावशी!" भाचा ओरडला.

"हा तांदूळ हाच घेतो. मागच्या दाराने. मी फक्त निवडून द्यायची."

"निवडून देणाऱ्यालाही विचारलं जातं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मावशीने गळ्यातलं भिंग काढलं आणि बरणीशेजारी ठेवून दिलं. सूप तिथेच पडलं होतं, सकाळचे चार दाणे अजून त्यात होते.

"माहीत करून घेतलं नाही," ती म्हणाली. "तसंच लिहा. माझंही नाव राहू दे."