तांदळात लिहिलेलं नाव

प्रिय इरा आणि निहार,

पत्र कागदावर का, ते आधी सांगते. रविवारी इरा फोनवर म्हणाली, "आजी, तुझा मेसेज वाचला आणि ठरलं माझं. पीएचडीची जागा सोडत नाही. रोहनच्या आईबाबांना सांगते, लग्न पुढे ढकला. थँक यू, आजी!" मी नुसतं "बरं, बाळा" म्हणाले. तुझा आवाज इतका मोकळा होता, की पुढचं बोलवलंच नाही.

इरा, तो मेसेज मी पाठवलेला नाही. मी तर तुला उन्हाळ्यात उलटंच सांगितलं होतं... जुळवून घे, शिक्षण काय नंतरही होतं.

तुला महिनाअखेरीस जागेचं कळवायचं आहे, म्हणून आत्ताच लिहिते आहे. हेच लिखाण आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकालाही देणार आहे. कुणाला असा अनुभव आला असेल तर त्यांनी मला सांगावं.

तुम्ही मला ओळखता. मी राशिभविष्याचं पानसुद्धा न वाचता उलटते. आयुष्यभर मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवलं, अंगात येणं, भास होणं असल्या गोष्टींना घरात कधी थारा दिला नाही. आणि फोनच्या बाबतीत तर मी जरा जास्तच सावध.

दर मंगळवारी सकाळी सिडकोतल्या संघाच्या हॉलमध्ये मी बायकांचा मोबाइलचा वर्ग घेते. मजकुराआधी पाठवणारा तपासा, जन्मतारीख कुठेही टाकू नका, अधूनमधून स्वतःचं नाव शोधून बघा – असं सगळं. गेल्या महिन्यात पासवर्डचा धडा होता. वैजापूरच्या सुभद्राबाई म्हणाल्या, "मॅडम, समदं खरं हाय, पण पासवर्ड ध्यानात ऱ्हात नाय ना! नातवाचं नाव टाकावं, तर ते अख्ख्या गल्लीला ठाऊक."

"मग माहेरचं टाका," मी म्हटलं.

तुम्हाला कल्पना नसेल. आमच्या वेळी लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहायचा. जुनं तिथेच संपायचं. मी पैठणची इंदुमती, लग्नात वसुधा झाले. इंदुमती म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. त्यामुळे खातं परत मिळवण्याच्या गुप्त प्रश्नाला मी सगळीकडे तेच उत्तर देऊन ठेवलं होतं. वर्गातही मी हे सगळं नावानिशी सांगितलं.

"म्हंजी मालकांनी पुसलेलं नाव असं कामाला आलं म्हणायचं!" सुभद्राबाई म्हणाल्या आणि हॉल हसला. मीही हसले. गुप्त उत्तर वीस-पंचवीस जणींसमोर मोठ्याने सांगितलं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग, स्वतःचं नाव कसं शोधायचं ते दाखवायला मी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला फोन जोडला आणि माहेरचं पूर्ण नाव टाकलं. काही निघणार नाही, याची खात्रीच होती.

खातं निघालं.

फोटोत मी होते. आजच्या वयाची. डाव्या भुवईवर घाटाच्या पायरीवर पडल्याची खूण, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. गळ्यात मंगळसूत्र मात्र नव्हतं.

"मॅडम, फोटो लई भारी आलाय की!"

मी फोन काढून घेतला.

घरी येऊन सगळं वाचलं. पैठणच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त. लग्न केलेलं नाही. विद्यार्थिनींबरोबरचे फोटो, पुस्तकांनी भरलेलं घर. तोपर्यंत मी शांत होते – हल्ली फोटो तर कसेही बनवता येतात. मग खालची एक पोस्ट वाचली: "लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांना इंग्रजीत चिठ्ठी दिली. तीन ओळी. वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, उद्याचं मी बघतो."

मुलांनो, ती चिठ्ठी मी लिहिली होती. इंग्रजीत, म्हणजे आईला वाचता येऊ नये. एम.ए.ला प्रवेश मिळालाय, मला शिकायचंय, लग्न थांबवा. पण दिली नाही. घाटावर जाऊन चार तुकडे केले आणि नदीत सोडले. हे तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. कुठे लिहून ठेवलेलं नाही.

मी अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार केली: माझ्या नावाने कुणीतरी खातं चालवतंय. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पडताळणी झाली, समोरच्या व्यक्तीने गुप्त प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं, तुमचं खातं तोतया ठरल्याने बंद करण्यात येत आहे. निहारने लहानपणी काढलेली चित्रं, इराचे बोबडे आवाज, सगळं त्यात होतं. संपर्कातली माणसंही तिच्या खात्याला जोडली गेली. नवं खातं उघडायला गेले, तर कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायला सांगितला. मान डावीकडे, मान उजवीकडे... आणि मग: हा चेहरा आधीच्या खात्याशी जोडलेला आहे. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

पोलिसांकडे गेले. तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी चहा मागवला.

"आजी, आधारवर तुम्ही वसुधा. खातं इंदुमतीचं. मग ती तुमची नक्कल कशी?"

"इंदुमतीही मीच."

"नाव बदललं तेव्हा राजपत्रात छापलं होतं का?"

"नाही. तांदळात लिहिलं होतं."

त्या हसल्या नाहीत. उलट मला तेच जास्त लागलं. "दाखला आहे ना शाळेचा?" त्यांनी विचारलं. आहे. पण तो इंदुमतीचा. ती इंदुमती मीच, असं सांगणारा एकही कागद माझ्याकडे नाही. चेहरा, खूण, गुप्त उत्तर – जे जे दाखवायला जाते, ते ते तिच्याकडेही आहे.

एसटीने पैठणला जाऊन आले. फोटोतल्या घराखाली दिलेल्या पत्त्यावर पैठण्यांचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "आठ वर्षं झाली, बाई. त्याच्या आधी तर पडीक जागा व्हती."

मी शिक्षिकेसारखा विचार करून पाहिला. नाव वर्गात फुटलं, ती माझी चूक. फोटो यंत्राने बनवले असतील. संपर्कातून तू तिला सापडली असशील, आणि फोटो माझाच, म्हणून तिचा मेसेज तुला माझा वाटला असेल. पण चिठ्ठी? आणि बाबा अवघड बोलण्याआधी चष्मा काढायचे, हे तिला कोण सांगणार?

इरा, माझ्याच नियमाप्रमाणे पाठवणारा खोटा, तर मजकूर पुसून टाकायचा. दोन दिवस तुला तेच लिहायला बसते आहे, आणि लिहिता येत नाही. तिने तुला जे सांगितलं, ते मी स्वतःसाठी लिहून फाडून टाकलं होतं. उन्हाळ्यातलं माझं बोलणं मी मागे घेते. हे तरी मीच लिहिते आहे, माझ्या हाताने. आता तिने सांगितलं म्हणून नको, मी सांगते म्हणूनही नको, तुझं तू ठरव.

माझं खातं बंद आहे. तिचं चालू आहे. तुझी जागा महिनाअखेरपर्यंत तुझीच आहे.

– आजी