नामोंडो रेडिओवर बोलली ते

डोंगरउतारावरच्या बुएआ शहरातल्या विद्यापीठात धुकं थेट खिडकीतून आत येतं, म्हणून नामोंडो एविंडी घरी निघताना कॉम्प्युटरवर आईचा जुना सैल काबा झगा टाकून जायची. झाडपाल्यातला कोणता रेणू हिवतापाच्या जंतूला जखडेल, याचं गणित ती त्या कॉम्प्युटरवर मांडायची. एकदा हजारो रेणूंमध्ये पहिला आला तो तिच्याच गावच्या एका झाडाच्या सालीतला.

गावोगावी ऐकल्या जाणाऱ्या रेडिओने तिला बोलावलं. औषध सापडलं का, असं निवेदकाने विचारलं. हे नुसतं गणित आहे, प्रयोगशाळेत अजून काहीच तपासलेलं नाही, हे तिच्या अगदी ओठांवर होतं. पण सगळं गाव कान लावून बसलेलं तिला माहीत होतं. ती म्हणाली, "औषध आपल्या डोंगरावरच आहे."

पुढे तपासणीत जंतूंवर त्या रेणूचा काडीचाही परिणाम झाला नाही. ते तिला कळलं त्याच आठवड्यात गावातल्या एफेती मावशीच्या नातीला, एवुनेला, ताप आला. मावशीने दवाखान्यातल्या गोळ्या बाजूला ठेवल्या आणि साल उकळून पाजली. ताप मेंदूत गेला. पोर वाचली, पण उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं.

नामोंडो भेटायला गेली, तेव्हा मावशीने तिच्यापुढे पानात वाफवलेलं क्वाकोको वाढलं. नामोंडोने सगळं सांगून टाकलं.

 मावशी म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्या सालीकडे ढुंकून पाहिलं नसतं, गं. तू बोललीस म्हणून दिली."

नामोंडोला वाटलं, हिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती पुन्हा रेडिओवर गेली. जरा गोडीने सांगा, असं निवेदकाने सुचवलं. तिने ऐकलं नाही. मी चुकीचं बोलले, साल देऊ नका, गोळ्या द्या, एवढंच तिने तीन वेळा सांगितलं. फोन करणाऱ्यांनी तिची सालटी काढली. पण गावातल्या बायका पुन्हा दवाखान्याची वाट धरू लागल्या.

नामोंडोचं काम अजून चालू आहे. परवा मावशी तिला भाजी निवडता निवडता म्हणाली, "या खेपेला खरंच काही सापडलं ना, तर पहिलं मला सांग हं."

नामोंडोने मान डोलावली. वर बघायचं धाडस तिला झालं नाही.