पयलो हात

माझा मुलगा वरच्या डोंगरातल्या लढाईतून घरी आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. साल नव्याण्णव, शेतात भातं पिकायला आली होती. रोज सकाळी मासळीबाजारात तो माझ्या शेजारी येऊन बसायचा, आणि कुणी विचारलं की हात पुढे करून म्हणायचा, "कुर्लेन खाल्ल्यान."

झालं! बायका हातातलं काम टाकून भोवती जमायच्या. शत्रू दगडांच्या आडोशाला बसलेला आणि आपली पोरं खालून चढतायत, असं तो सांगतच नसे. तो सांगे खाडीच्या चिखलातली कुर्ली, म्हणजे खेकडी.

"बिळाच्या तोंडार दोनव डेंगे रोखून बसलली. समोरसून गेलास तर चावतली. मगे काय करूचा? एकान समोरसून हात घालूचो. कुर्ली त्याका धरता, तवसर दुसऱ्यान मागसून आकडी घालून तिका भायर ओढूची. फकत पयलो हात कोणाचो, ता आधी ठरवा!"

एवढं बोलून तो बोटं नसलेला हात हलवायचा आणि सगळा बाजार हसायचा. बिळात कधी हात घातला नाही असा माणूस आमच्याकडे विरळाच, त्यामुळे पेपरातले नकाशे बघून जे कळलं नव्हतं ते ह्या कुर्लीने कळलं. मीसुद्धा सुरमई कापता कापता गिऱ्हाइकांना तीच गोष्ट सांगू लागले होते.

त्याच्या तुकडीत आमच्याच जिल्ह्यातला आणखी एक मुलगा होता, मसुऱ्याकडच्या शेतकरी घरातला. तो परत आला नाही. त्याची आई एक दिवस एसटीने आमच्या घरी आली.

"सरकारी कागदात वीरगती लिवलली आसा," ती म्हणाली. "ता काय ता माका कळणा नाय. माझो झील कसो गेलो? तू थंय होतंस ना रे? मगे सांग."

आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या मुलाने तिला कुर्लीची गोष्ट सांगायला घेतली. तीच, त्याच तालात. मी चहा घेऊन आले ती दारातच थांबले.

ती उठली. "माझो झील कुर्ल्यो धरूक गेललो काय रे?" एवढंच म्हणाली आणि चहाला हात न लावता स्टँडच्या वाटेला लागली.

मी भडकले. "अरे मेल्या, ती बाय दोन गाड्यो बदलून इली! तिका बाजारातली मस्करी सांगतंस?"

"आये, माका दुसऱ्या शब्दांनी सांगूकच येणा नाय. दवाखान्यात सायबान इचारल्यान, तेवाव मी कुर्लीच सांगलंय. कुर्ली म्हटली काय बोलणा भायर पडता. नायतर घशात रवता."

"मगे कुर्लीच सांग. पण पुरी सांग. रोज अर्ध्यार थांबतंस. पयलो हात कोणाचो?"

त्याने बोटं नसलेला हात मांडीखाली घेतला. बाजारभर हशा पिकवणारी ती गोष्ट रोज तिथेच का संपते, ते मला त्या दिवशी कळलं. सुट्टीचे सात दिवस राहिले होते. मी ठरवलं, त्या बाईला उत्तर मिळाल्याशिवाय ह्याला कुडाळ स्टेशनवर पोचवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मासळीची पाटी उचललीच नाही. त्याला घेऊन तिचं गाव गाठलं. ती शेतात भात कापत होती.

"हात मोकळो नाय माझो," वर न बघताच म्हणाली. "सांगूचा तर कापता कापता सांगा."

मीही एक विळा उचलला. मासे कापणारी बाई मी, माझी भातकापणी बघून ती एवढ्या रागातही बोलली, "वायच खालसून काप गो. अर्धो पेंढो शेतात ठेवलंस तर बैलांनी काय खाऊचा?"

मुलगा बांधावर तसाच उभा होता. मी म्हटलं, "कुर्ली रवांदे. हय काय दिसता, त्याच्यात सांग."

त्याने समोर बघितलं. शेताच्या लहान तुकड्याला आमच्याकडे कुणगा म्हणतात. तिचे कुणगे उतारावर पायऱ्यांसारखे वर गेलेले होते.

"काकी, असोच उतार," तो म्हणाला. "वरच्या कुणग्यात ते. खालच्यात आम्ही, ह्या बांधाएवढ्या दगडांमागे आडवे. कोणीतरी समोरसून जाऊन त्यांका गुतवून ठेवूचा, तवसर बाकीच्यांनी बाजून वर चढूचा. पाळी माझी होती."

तिचा विळा थांबला.

"माझी बोटां थोड्या आधी गेलली. रगात थांबा नाय होता. तो म्हणालो, तू रव, मी जातंय. आणि गेलो. आम्ही वर पोचलंव ता त्याच्यामुळे."

"वरडलो?"

"नाय. खोटा सांगणंय नाय तुमका. दमललो माणूस बसता तसो खाली बसलो. मी पोचलंय तवसर गेललो."

"त्याच्या आधी काय बोललो?"

"सकाळी म्हणत होतो, आये एकटीच लावणी करीत आसतली."

ती पुन्हा वाकली. पुढच्या दहा-बारा मुठी भात तिने कापलं, आणि मीही तिच्या बाजूने कापत राहिले. मग ती कंबर सरळ करून त्याच्याकडे वळली.

"म्हंजे पयलो हात त्याचो."

"व्हय काकी."

"मगे तू बाजारात सांगतंस त्या गोष्टीत तो खंय आसा? लोक तुझीच बोटां बघतत." आवाजात राग नव्हता, पण सोडणारीही नव्हती ती. "कुर्ली सांग, माझी ना नाय. पण त्याचा नाव घी. गावाचाव."

दुसऱ्या दिवशी बाजारात त्याने गोष्ट सांगितली. पहिल्या हातापर्यंत सगळे नेहमीसारखे हसले. मग त्याने त्या मुलाचं नाव घेतलं, गाव सांगितलं. मागच्या बायकांना ऐकू जाईल असं नाव परत एकदा घेतलं. हात त्याने त्या दिवशी हलवला नाही.

सुट्टी संपली, तो गेला, गोष्ट माझ्याकडे राहिली. दहा वर्षं झाली, मी सांगत्येय. मसुऱ्याकडची ती आई मधूनमधून कुर्ल्या न्यायला येते, माझ्या पाटीशेजारी बसते आणि गोष्ट संपेपर्यंत उठत नाही. परवा गिऱ्हाइकांची गर्दी होती, मी घाईत नुसतंच नाव घेतलं.

"गाव खंय इसारलंस गो?" ती म्हणाली. "परत सांग."

कापायला घेतलेला मासा बाजूला ठेवला आणि मी गोष्ट परत सांगितली, बिळाच्या तोंडापासून.